वाटेत लागलं कोचीन

खताची कंपनी दुकानदाराला दोनच गोष्टी मनापासून देते, एक टार्गेट आणि दुसरी टूर. म्हसवडला माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. गेल्या हंगामात टार्गेट पुरं केलं म्हणून कंपनीने मुंबईहून कोचीनला जाणाऱ्या बोटीची सहल दिली, माणसं दोन. दुसरं माणूस म्हणजे बायको, असं मी धरून चाललो आणि तिच्यासाठी मोठा गॉगलही आणला. पण रेश्माला म्हसवड-विटा एसटीतसुद्धा नाकाला लिंबू लावून बसावं लागतं. ती म्हणाली, "बोटीत माझं काय खरं न्हाई. आबांना घेऊन जावा."

आबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. नाव भाऊसो, पण सगळं गाव त्यांना आबा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. आता तुम्हीच सांगा, समुद्रात बोट, बोटीवर पोहायचा तलाव, रात्री गाणी-बजावणी, आणि शेजारच्या खाटेवर सासरा. तरी मी हो म्हणालो, कारण रेश्माला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

आबांचं गाव विट्याच्या अलीकडे. टेंभू योजनेच्या कालव्याचं पाणी आल्यापासून ते ऊसवाले झाले, त्याआधी मटकी-बाजरीवाले होते. अंगात पांढराशुभ्र शर्ट, डोक्यावर कडक टोपी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. त्यांचा एक गुण मात्र मी अजून दुसऱ्या माणसात पाहिलेला नाही. ते कधी वाट चुकत नाहीत. म्हणजे चुकतात, सारखे चुकतात, पण कबूल करत नाहीत. एकदा मेढ्याला लग्नाला निघालो होतो. मला डुलकी लागली आणि ड्रायव्हरशेजारी बसून वाट सांगणाऱ्या आबांनी गाडी थेट शिरवळला नेली. मी म्हटलं, "आबा, वाट चुकली की." तर म्हणाले, "चुकतीया कशाला? शिरवळात मला जरा बघायचं हुतं." काय बघायचं होतं ते तिथे उतरल्यावर ठरवलं. एका कारखान्याचं फाटक बघितलं, "बरं हाय" म्हणाले आणि आम्ही मागे फिरलो. मेढ्यात पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या टेम्पोत भरत होते.

अशा माणसाला मी परमुलखात घेऊन निघालो होतो. पण मी नेत होतो असं म्हणणंही खरं नाही. आबांना कोचीनला जायचंच होतं, आणि त्यामागे एक टॉवेल होता.

तो टॉवेल माझ्या लग्नातला. आबांचा हात सढळ. मांडवात येईल त्याला फेटा बांधा, असा त्यांनी हुकूम सोडला. फेटे बांधणारा माणूस खास वाळव्याहून बोलावला होता. त्याने पाहुण्यांना बांधले, बँडवाल्यांना बांधले, टेम्पोच्या ड्रायव्हरला बांधला, आणि पुढच्या गावाची वाट विचारायला थांबलेल्या एका माणसालाही धरून बांधला. मग नवरीचे मामा धुळा, म्हणजे आबांचे सख्खे मेव्हणे, मानाला पुढे आले. तोवर फेटे संपले होते आणि बांधणाराही जेवून निघून गेला होता. आबांनी त्यांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. आमच्याकडे मुलीच्या लग्नात मामाचा मान मोठा. मंगलाष्टका चालू असताना तो नवरीच्या पाठीशी उभा असतो. आमच्या फोटोत धुळामामा नुकतेच विहिरीवरून अंघोळ करून आल्यासारखे दिसतात. फोटो झाल्यावर ते न जेवता कोचीनला निघून गेले. तिथे त्यांचं गलाईचं दुकान आहे. गलाई म्हणजे सोनारांकडची जुन्या दागिन्यांची मोड वितळवायची आणि तिच्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. आमच्या विटा-आटपाडी-म्हसवड भागातली कितीतरी माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. मामा गेले ते गेलेच. तेव्हापासून मेव्हण्या-मेव्हण्यांत बोलाचाल बंद.

आता माझ्या धाकट्या मेव्हणीचं, राजनंदिनीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिच्या पाठीशी उभा राहायला मामाच नव्हता. बनुबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जाहीर करून टाकलं, "माझा भाऊ आला न्हाई तर मीबी मांडवात पाय टाकणार न्हाई." त्या दिवसापासून त्या आबांशी बोलेनात. जे सांगायचं ते दारातल्या म्हशीला सांगायच्या. "म्हशे, भाकरी झाल्यात. ज्याला खायच्यात त्यानं खाव्यात." आबा आणि म्हैस दोघंही मुकाट्याने ऐकून घ्यायचे.

सरळ आगगाडीत बसावं, मामांना भेटावं, हात जोडावेत आणि घेऊन यावं, असं मी सुचवलं होतं. आबा म्हणाले, "टावेलासाठी एवढ्या लांब माफी मागाय जाऊ व्हय? लोक काय म्हणतील?" पण बोटीचं नाव निघालं आणि त्यांची कळी खुलली. आपण आपलं फिरायला जायचं, कोचीन वाटेत लागायचं, मग मेव्हण्याकडे डोकावलं तर त्यात कमीपणा कसला. त्याच दिवशी विट्याला जाऊन त्यांनी एक केशरी फेटा आणला. बोटीवर तो फेटा पिशवीसकट उशाखाली घेऊन ते झोपायचे. खोली आवरणाऱ्या पोऱ्याने पहिल्या दिवशी हौसेने टॉवेलची घडी घालून हंस करून ठेवला होता. आबांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "हितंबी टावेलच." हंसाचं तोंड त्यांनी भिंतीकडे फिरवून ठेवलं.

कोचीनला बोट सकाळी लागली आणि दुपारी चहाच्या वेळेला सुटणार होती. कंपनीची बाकीची मंडळी गार बसमधून गाव बघायला गेली. मी आबांना विचारलं, "मामांच्या दुकानाचा पत्ता काय?" ते म्हणाले, "पत्ता कशाला? गलाईवाला धुळा इचारायचं. कोणबी सांगंल." रिक्षावाल्याने आम्हाला जुन्या गावात समुद्राच्या कडेला उतरवलं. तिथे पहिल्याच माणसाला आबांनी विचारलं, "गलाईवाला धुळा कुठं ऱ्हातो?" तो माणूस अंगावर कॅमेरा घेतलेला, गोरापान, परदेशी होता. त्याने आमचाच फोटो काढला.

तिथून आमची पायपीट सुरू झाली. रिक्षात बसू या म्हटलं तर आबा म्हणाले, "गाडीतनं दुकानाच्या पाट्या दिसत न्हाईत." पाट्या मल्याळीत होत्या. त्या त्यांना पायी चालतानाही वाचता येत नव्हत्या, हे मी बोललो नाही. सासरे आहेत, किती बोलणार.

काठावर मासे धरायची मोठमोठी जाळी होती. लांब वाशांना टांगलेली, मागच्या बाजूला दोरांना दगड बांधलेले. चार-पाच माणसं दोर ओढायची आणि जाळं पाण्यातून वर यायचं. आबांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि सरळ दोराला हात घातला. कोळ्यांनीही त्यांना घेतलं. जाळं वर आलं, त्यात मूठभर मासे. आबा परत येऊन म्हणाले, "ही तर आपली मोट हाय. निस्ती मेहनत जास्त आणि पाणी कमी." कोळ्यांच्या म्होरक्याला त्यांनी गलाईवाला धुळा विचारला. त्याने हाताने पूर्वेकडे दाखवलं. आबा पश्चिमेकडे निघाले.

मी म्हटलं, "आबा, त्याने तिकडे दाखवलं."

"ठाऊक हाय. पण हिकडंबी बघायचं हुतं."

हिकडे एक जुनं चर्च निघालं. आत एक वाटाड्या लोकांना सांगत होता की पोर्तुगालहून आलेला तो वास्को द गामा इथेच वारला आणि आधी इथेच त्याला पुरलं होतं. पुढे त्याच्या माणसांनी येऊन त्याला उकरून आपल्या देशी नेलं. मी हे आबांना मराठीत सांगितलं. ते त्या जागेपाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मेल्यावर का हुईना, न्हेयाला आली माणसं." मी घड्याळ बघत होतो, त्यामुळे तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या वळणावर आम्ही पुन्हा चुकलो आणि एका धोबीखान्यात शिरलो. मोठ्या आवारात दोऱ्यांवर पांढरे कपडे वाळत होते आणि आत कोळशाच्या जड इस्त्र्या फिरत होत्या. मी मागे फिरणार तोवर आबांनी पिशवीतून फेटा काढला होता. म्हणाले, "उशाखाली चुरगाळलाय. असला फेटा मेव्हण्याच्या डोक्याला बांधून परत एकदा नाव घालवू व्हय?" इस्त्री करणाऱ्या बाईने एक टोक धरलं आणि आबा दुसरं टोक धरून मागे मागे सरकत गेले, तरी फेटा संपेना. ते दारातून बाहेर गेले, अंगण ओलांडलं, कपड्यांच्या दोऱ्यांमागे दिसेनासे झाले. बाई हसून हसून खाली बसली. सगळा फेटा इस्त्री होईपर्यंत सूर्य डोक्यावर आला, आणि माझंही डोकं तापलं. कंपनीचे लोक एव्हाना नारळपाणी पीत असतील. मी इथे परक्या गावात सासऱ्याच्या फेट्याची दुसरी घडी घालत उभा होतो.

मग मात्र मी आबांचा हात धरला आणि कोळ्याने दाखवलेल्या दिशेने चालू लागलो. तो रस्ता मसाल्याच्या वखारींचा निघाला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला जुनी लांबलचक गुदामं. सुंठ, मिरी, वेलदोडा, नुसता वासच वास. मी शिंकत होतो. आबा एका दारापाशी थबकले, नाक वर केलं आणि म्हणाले, "ही आपली हळद हाय."

"आबा, हळद सगळीकडे असते."

"असती. पण ही सांगलीची हाय."

आत गेलो तर खरंच पोत्यांवर सांगलीच्या पेठेचा छाप होता, आणि पोत्यांवर पाय सोडून एक गृहस्थ डबा खात बसले होते. नाव जैनुद्दीन, राहणार मिरज. सांगलीच्या व्यापाऱ्याचा माल घेऊन ते दर हंगामाला इथे येतात. त्यांनी आबांची टोपी बघितली आणि डबा बाजूला ठेवला.

"कुठलं गाव पाव्हणं?"

आबांनी गाव सांगितलं, मग तालुका, मग आपलं आडनाव, मग आईचं माहेर. जैनुद्दीनभाईंनी त्या माहेरच्या गावच्या यात्रेत आपल्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान लागायचं हे सांगितलं. आबांनी त्या दुकानातून आपल्या आईने बांगड्या भरल्या असणारच, असं ठामपणे सांगितलं. आता नातं लागलं म्हटल्यावर चहा आला. मी बोटीची वेळ सांगितली. कुणी ऐकलं नाही. दुसरा चहा आला तेव्हा मी आवाज चढवला, "अहो, धुळामामांचं दुकान कुठं आहे ते तरी विचारा."

"धुळाशेट?" जैनुद्दीनभाई म्हणाले. "आवं, मागच्याच गल्लीत की. माझं जेवण रोज तितंच असतंय. आज तेवढा डबा आणलाय."

ते स्वतःच आम्हाला तिथे घेऊन गेले. दुकान म्हणजे दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा. आत भट्टीची धग, ॲसिडचा वास, भिंतीला म्हसवडच्या सिद्धनाथाचा फोटो. धुळामामा सोनं वितळवायच्या मुशीत काहीतरी ढवळत होते. केस पिकले होते, बोटांची टोकं भाजून काळी पडली होती. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. उठले नाहीत.

आबांनी घसा खाकरला. "जावईबापूंसंगं फिराय आलतो. बोट हितं थांबली. वाटंत लागलं, म्हनलं बघून जावं."

"वाटंत लागलं व्हय," मामा म्हणाले. "बरं झालं. बसा. वाटंवरच्या माणसाला पाणी तरी द्याय पायजेच."

जैनुद्दीनभाई छताकडे बघू लागले. मला वाटलं, आता काही खरं नाही, आबा पाणी पिऊन "बरं हाय" म्हणणार आणि मागे फिरणार. तिकडे राजनंदिनीच्या पाठीशी कोणी नाही, सासूबाई मांडवात नाहीत, आणि घरात बोलायला फक्त म्हैस. माझा राग अनावर झाला. मी म्हटलं, "मामा, हे साफ खोटं बोलतायत. वाटेत काही लागलेलं नाही. हा माणूस तुमच्यासाठी आलाय. बोटीवर रोज फेटा उशाला घेऊन झोपलाय. सकाळपासून माझे पाय मोडून घेतलेत. त्या फेट्याला इस्त्री करून आणलीय."

मामांनी पिशवीकडे बघितलं. "इस्त्री?"

आबांनी मान खाली घातली आणि फेटा बाहेर काढला. "पोरीचं लगीन हाय, धुळा. मान घे."

मामा हात पुसून पुढे आले आणि स्टुलावर बसले. आबांनी फेट्याचं एक टोक तोंडात धरलं, कारण बांधणारे तसं करतात हे त्यांनी पाहिलं होतं. एक वेढा घेतला, दुसरा घेतला, तिसरा मामांच्या नाकावरून गेला. तेव्हा आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की आबांना फेटा बांधताच येत नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या हातून शेकडो माणसांना बांधवले होते. आता मेव्हण्याचे डोळे झाकले, कान झाकले, एक पदर हनुवटीखालून आला आणि मागे मोकळा सोडायचा शेमला भट्टीकडे चालला. तो मी झडप घालून ओढला.

"मी बांधू का?" जैनुद्दीनभाईंनी विचारलं. "मला येतोय."

"नगं," फेट्याच्या आतून मामांचा आवाज आला. "दाजीस्नीच बांधू दे."

आबांना घाम फुटला. त्यांनी सगळा सोडला, पुन्हा बांधला. दुसऱ्या खेपेला डोळे तरी उघडे राहिले. फेटा एका कानावर कलला होता आणि तुऱ्याच्या जागी एक बोचकं तयार झालं होतं. मामांनी भिंतीवरच्या आरशात बघितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते.

"मग येणार न्हवं लग्नाला?" आबांनी विचारलं.

"येणार की. तिकीट काढून महिना झाला. भाचीच्या पाठीशी मामा हुबा ऱ्हाणार न्हाई, असं कवा झालंय? माझा राग तुमच्यावर. पोरीनं काय केलंय?"

आबा म्हणाले, "आरं, मग तसं कळवायचं न्हाईस? तुजी आक्का माझ्यासंगं बोलंना झालीया."

"कळवलं असतं, तर तुमी आला असतासा का?"

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मामांनी फेट्याला हात लावून तो जागेवर आहे का बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "टावेलाचं मी तवाच इसरलो, दाजी. जेवलो न्हाई, कारण माझी गाडी हुती. गावाकडची सगळी हितनं जात्यात. कोण देवाला, कोण फिराय. दुकानात येत्यात, जेवत्यात. आक्काचं घर तेवढं कवा आलं न्हाई. पोरं बारकी हुती तवा लय वाट बघायची, दाजी येतील म्हणायची. आता ती मोठी झाली. ती बी इचारत न्हाईत."

मी घड्याळ बघितलं. बोटीची वेळ होत आली होती. मी आबांच्या खांद्याला हात लावला. आबांनी वाकून वहाणा काढल्या, त्या दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि आत चटईवर मांडी घालून बसले.

"जावईबापू, तुमी निघा. तुमची बोट चुकंल."

"आणि तुम्ही?"

"मी ऱ्हातो. लग्नाला धुळासंगंच येतो." मग मामांकडे वळून म्हणाले, "घर कुठं हाय तुजं? पोरं कवा येत्यात?"

जैनुद्दीनभाईंनी मला रिक्षात घातलं. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीचा शिपाई दोन कार्डं मागत होता आणि माणूस मी एकटाच. मी मोडक्या हिंदीत समजावलं की दुसरा इथेच राहिला. आजारी आहे का? नाही. हरवला का? नाही, उलट सापडला. शिपायाने वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबाने विचारलं, इथे त्याचं कोण आहे? मी म्हटलं, मेव्हणा आहे, आणि हे त्याच्याकडे आज पहिल्यांदाच आलेत. साहेबाने यादीतल्या दुसऱ्या नावावर काट मारली आणि मला आत सोडलं.

बोट हलल्यावर मी सासूबाईंना फोन लावला. आबा धुळामामांकडे राहिलेत, दोघं मिळून लग्नाला येणार आहेत, असं सांगितलं. 

"धुळा कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत. डोक्याला फेटा आहे. जरा वाकडा झालाय."

"कुणी बांधला?"

"आबांनी."

"त्यास्नी कुठं येतोय," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसू आवरेना, मग हसता हसताच रडायला लागल्या. मी फोन कानाला धरून कठड्यापाशी उभा राहिलो. ठेवू का म्हणून मी विचारलं नाही आणि त्यांनीही ठेवला नाही.